वकिलाचा नगरसेवक होतो तेव्हा (निमित्त: फिरोजशहा मेहता)

दप्तरीण

परवा शेजारच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "सभागृहात वकील नकोत, कामाची माणसं हवीत." तिथं आधीच हाणामारी चालू आहे, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

मी एका मोठ्या महापालिकेच्या चिटणीस खात्यात ३१ वर्षं काढली. कार्यपत्रिका काढायची, कोण काय बोललं ते टिपायचं, इतिवृत्त तयार करून पुढच्या सभेत कायम करून घ्यायचं. त्यामुळे नगरसेवक हा प्राणी अगदी हाताच्या अंतरावरून पाहिलाय. डॉक्टर, मास्तर, केबलवाले, बिल्डर, सगळे. त्यात वकील ओळखू यायचा तो एका गोष्टीवरून: बाकीचे कार्यपत्रिकेचं पाकीट सभागृहात येऊन फोडायचे, हा घरी फोडून आलेला असायचा. (सगळे नाही हं. झोपणारे वकीलही होते.)

एकदा स्थायी समितीत रस्त्यांच्या देखभालीचं कंत्राट आलं होतं. प्रस्ताव जाडजूड, वेळ दुपारी साडेचारची, चहा येऊन गेलेला. अध्यक्ष "मंजूर?" म्हणणार इतक्यात एक वकील नगरसेवक उठले. म्हणाले, पान ४७ काढा. तिथं लिहिलं होतं, "ठेकेदाराने खड्डा शक्यतो ४८ तासांत बुजवावा." त्यांनी एवढंच विचारलं, "या 'शक्यतो'चा दंड किती?" खात्याचे अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले. कारण पुढच्या पानावरचा दंड '४८ तासांत न बुजवल्यास' होता आणि शक्यतोनं तो पार धुऊन टाकला होता. प्रस्ताव राखून ठेवला गेला, पुढच्या आठवड्यात तो शब्द गाळून परत आला. माझ्या इतिवृत्तात ही घटना दीड ओळीची आहे. पेपरात अर्थातच काही नाही, त्या दिवशी दोन पक्षांनी एकमेकांवर कागद फेकले होते, फोटो त्याचा आला.

फिरोजशहा मेहतांबद्दल वाचताना मला ते पान ४७ सारखं आठवत होतं. आपल्याला मेहता माहीत असतात ते काँग्रेसचे: १८९० च्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष, मवाळांचे पुढारी, सुरतेला टिळकांच्या विरुद्ध बाजूला. पण हा माणूस १८७३ ते १९१५, म्हणजे ४२ वर्षं, मुंबईच्या महापालिकेत बसला. मरेपर्यंत. काँग्रेस वर्षातून एकदा भरायची, पालिकेची सभा कितीदा भरते हे मला विचारा.

थोडक्यात आधीचं: जन्म १८४५, एल्फिन्स्टन कॉलेज, मग रुस्तमजी जमशेटजींच्या शिष्यवृत्तीवर विलायत. मधेच १८६५ ची ती प्रसिद्ध शेअरबाजाराची कोसळ झाली, देणगीदारच बुडाले आणि पैसे आटले. तरी लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन १८६८ ला परत.

तेव्हा शहर चालवायचे ते आर्थर क्रॉफर्ड. १८६५ च्या कायद्यानं कारभार 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळींकडे होता, म्हणजे सरकारनं नेमलेले प्रतिष्ठित लोक, आणि सगळी अंमलबजावणी एका आयुक्ताच्या हाती. क्रॉफर्डनं धडाका लावला. गटारं, रस्ते, स्वच्छता, ते मार्केट. आणि त्याच धडाक्यात तिजोरी रिकामी केली. १८७१ पर्यंत पट्टी भरणाऱ्यांचा संताप इतका वाढला की सगळं शहर म्हणायला लागलं, आयुक्ताची एकहाती सत्ताच नको, कारभार समितीकडे द्या.

अशा वेळी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये हा २६ वर्षांचा वकील उभा राहिला आणि उलटंच बोलला. म्हणाला, क्रॉफर्ड चुकला हे खरं, पण त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम ज्यांचं होतं ते जस्टिस काय करत होते? अंमलबजावणी बारा जणांच्या समितीकडे दिली तर चूक कुणाची हे कधीच ठरणार नाही. कामाला एकच माणूस ठेवा, म्हणजे धरता येईल. आणि त्याला धरणारे लोक सरकारनं नेमू नका, पट्टी भरणाऱ्यांना निवडू द्या. पैशाच्या नाड्या आणि हिशेबतपासणी त्यांच्या हाती द्या.

लोकांनी आरडाओरडा करून त्याची वाट लावली. पण १८७२ च्या कायद्यात बराचसा हाच आराखडा उतरला. ६४ जणांची कॉर्पोरेशन, निम्मे पट्टीदारांनी निवडलेले, आयुक्त कायम. पुढच्या वर्षी निवडून आलेल्यांत हे होतेच.

माझं म्हणणं इतकंच आहे की हे राजकारण्याचं डोकं नव्हे, वकिलाचं आहे. सगळे विचारत होते, 'चोर कोण?' यानं विचारलं, 'कलमाप्रमाणे जबाबदारी कुणाची?' यावर बोलू या का?

टवाळ

पयला! बाकी वाचून मग.

गिरगावकर

दप्तरीणताई, सुरेख. पण मुंबईतल्या वकील नगरसेवकांची गोष्ट एकट्या मेहतांवर संपवू नका. रावसाहेब मंडलिक कुठं गेले? विश्वनाथ नारायण मंडलिक, मुरूडचे, हायकोर्टातले नाणावलेले वकील, 'नेटिव्ह ओपिनियन' काढणारे. तेही पालिकेत होते आणि दबदबा ठेवून होते. आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग! १८८८ चा कायदा विधिमंडळात आला तेव्हा मेहता आणि तेलंग अशी जोडी होती तिथं. तेलंग पुढं हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, म्हणून त्यांचं पालिकेचं काम झाकलं गेलं.

अवांतर: ज्या क्रॉफर्डला मेहतांनी (अर्धवट का होईना) वाचवलं, तोच १८८८ मध्ये पुण्याकडं लाचखोरीच्या चौकशीत सापडला. तेव्हा पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांच्या बाजूनं टिळक उभे राहिले होते. एकाच साहेबाच्या दोन टोकांना मेहता आणि टिळक.

दप्तरीण

गिरगावकर, मंडलिक राहिले हे कबूल. तेलंगांचं पुढं आणणारच होते, तुम्ही आधी आणलंत.

१८८८ बद्दल. मूळ विधेयकात आयुक्ताचे अधिकार वाढवायचा घाट होता. मेहता तेव्हा गव्हर्नरच्या कौन्सिलात नेमलेले होते. त्यांनी आणि तेलंगांनी झगडून कॉर्पोरेशनचं वरचं स्थान टिकवलं. कलम ६४ काढून वाचा, आजही तेच चालू आहे. पहिल्या पोटकलमात म्हटलंय की शहराचा कारभार कॉर्पोरेशनकडे निहित (म्हणजे सोपवलेला) आहे. त्याच कलमात थोडं खाली म्हटलंय की अंमलबजावणीचा संपूर्ण अधिकार आयुक्ताकडे निहित आहे. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या साहेबांनी हे कलम वाचायला दिलं होतं आणि म्हणाले होते, "या दोन वाक्यांच्या मधे जी जागा आहे ना, तिथं आपण नोकरी करतो."

पाणीपुरवठा

मी अभियंता, दुसऱ्या बाजूचा माणूस. म्हणून जरा कडू बोलतो.

ती जी 'जागा' आहे तीच तर रोगाचं मूळ आहे. नगरसेवकाला लोक रस्ता विचारतात, पाणी विचारतात, त्याच्या हातात काय? ठराव. सही आयुक्ताची. आयुक्त सरकारनं पाठवलेला. मेहतांनी १८७१ ला ज्या एका माणसाची बाजू घेतली, त्या माणसाचा पगार पट्टीदार देणार पण नेमणूक सरकार करणार. मग तो ऐकणार कुणाचं? मार्च २०२२ मध्ये मुंबई पालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, आयुक्तच प्रशासक झाले. कॉर्पोरेशनही तेच, स्थायी समितीही तेच. आणि शहर चाललं! म्हणजे यंत्र अशा रीतीनं बनवलंय की नगरसेवक काढून घेतले तरी ते फिरत राहतं. हे यंत्र कुणी बनवलं? तुमच्या वकीलसाहेबांनी.

काळा कोट

पाणीपुरवठा, हरकतीचा मुद्दा. :)

नेमणूक सरकारची हे मेहतांचं मत म्हणून खपवू नका. सत्ता इंग्रजांची होती, नेमणूक ते सोडणारच नव्हते. जे सुटण्यासारखं होतं ते त्यांनी सोडवून घेतलं. आणि नुसतं ओरडण्यापलीकडं एक हत्यार ठेवलेलं आहे: एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश लोकांनी ठराव केला तर सरकारला आयुक्त परत न्यावाच लागतो. १८८८ ला सभासद ७२ होते. पाच अष्टमांश म्हणजे ४५. त्यात १६ सरकारनियुक्त, म्हणजे बाकीच्या ५६ मधून ४५ जमवायचे. अवघड, पण अशक्य नाही. हे हत्यार किती वेळा उपसलं गेलं? त्याचा दोष कायद्याला द्यायचा की म्यान न उघडणाऱ्याला?

आता स्वतःचं. मी एका नगरपरिषदेत पाच वर्षं सदस्य होतो, त्याआधी आणि नंतर तालुका कोर्टात. लोकांना वाटतं वकील राजकारणात गेला की वकिली फोफावते. माझी निम्मी बसली. पहिलं कारण कायदेशीर: नगरपरिषदेविरुद्धच्या दाव्यात सदस्य वकील म्हणून उभा राहिला तर सदस्यपद जातं. आता छोट्या गावात घरपट्टी, अतिक्रमण, नळजोडणी, गाळ्यांची भाडी, निम्म्या लोकांचं भांडण परिषदेशीच असतं. ते सगळे पक्षकार एका रात्रीत गेले. दुसरं कारण, ज्यांची कामं मी केली नाहीत ते, आणि ज्यांची केली तेही, फी द्यायला विसरायला लागले. "वकीलसाहेब, तुम्ही तर आपले नगरसेवक!"

आणि तिसरं, ज्याची मला आजही चीड येते. दिवाणी कोर्टात मी बोललो तर न्यायाधीश ऐकतात, निदान लिहून घेतात. सभागृहात मी तीन मुद्दे मांडले, दाखले दिले, बसलो. मग मतदान. हात वर. २१ विरुद्ध ६. माझ्या युक्तिवादाचं उत्तर कुणी दिलंच नाही, गरजच नव्हती. ते शिकायला मला दीड वर्ष लागलं. सभागृहात जिंकायचं असेल तर सभेच्या आदल्या रात्री जिंकावं लागतं, कुणाच्या तरी ओसरीवर.

टवाळ

@काळा कोट: ओसरीवर काय काय असायचं तेही लिहा, धागा शंभरी गाठेल.

काळा कोट

पोहे. तुम्हाला वाटतंय ते नाही.

गिरगावकर

आदल्या रात्रीवरून आठवलं, १९०७. मेहता जस्टिस मंडळींच्या मतदारसंघातून पालिकेवर जायचे, तिथं १६ जागा. त्यांच्या एकछत्री वजनाला कंटाळून (आणि कंटाळा खोटा नव्हता, सभागृहात ते म्हणतील तीच पूर्व दिशा असायची) काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी कंपू केला. त्यात अकाउंटंट जनरल, पोलीस कमिशनर आणि टाइम्सचा संपादक. १६ जणांची यादी बनवली, मतदारांकडे फिरवली, मेहतांना वगळून. निकाल लागला. मेहता कितवे? १७ वे!

शहरात हलकल्लोळ. मग कायद्याचा कीस. निवडून आलेल्यांपैकी एकाचा पालिकेशी ठेक्याचा संबंध निघाला, तो अपात्र ठरला आणि १७ वे मेहता आत आले. 'कॉकस केस' म्हणून हे प्रकरण गाजलं. मेहतांच्या बाजूनं लढलेला तरुण बॅरिस्टर कोण? महमद अली जिना.

तेव्हा दप्तरीणताईंच्या सिद्धांताला माझी पुरवणी: वकील नगरसेवक हरला तरी कलम शोधून परत येतो.

वाचनमात्र

बरीच वर्षं नुसती वाचते, आज खास लॉगिन केलं. कॉकस प्रकरणात मेहतांना सगळे हुतात्मा करतात, पण ३४ वर्षं एकच माणूस सभागृह चालवत असेल तर बाकीच्या ७१ जणांनी काय शिकायचं? माझे सासरे पालिकेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या वॉर्डातले नगरसेवक वकील होते, सज्जन होते, २० वर्षं निवडून यायचे. ते गेले आणि वॉर्डात अर्ज कसा लिहायचा हेही कुणाला येत नव्हतं, कारण सगळे अर्ज तेच लिहून द्यायचे.

दप्तरीण

वाचनमात्र, अहो अशा प्रतिसादासाठी वर्षातून एकदा तरी लॉगिन करत जा. यावर माझ्याकडं उत्तर नाही. मेहता दरबारी होते, थाटात राहायचे आणि विरोधकाला बोलून चेचायचे, हे त्यांचे भक्तही मान्य करतात.

पण पाणीपुरवठा यांना उत्तर आहे. पोलिसांचं प्रकरण बघा. मुंबईच्या पोलिसांचा खर्च सरकार पालिकेकडून वसूल करायचं. पोलिसांवर पालिकेचा अधिकार शून्य, बिल मात्र पालिकेला. मेहता वर्षानुवर्षं एकच टुमणं लावून बसले: ज्याच्यावर आमचा ताबा नाही त्याचे पैसे आम्ही का द्यायचे? त्याऐवजी जे शहराचं काम आहे ते आमच्याकडं द्या. अखेर १९०७ मध्ये (हो, तेच वर्ष) कायदा झाला, पोलीसखर्च सरकारनं घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण आणि दवाखान्यांचा भार पालिकेवर आला. आणि वाचनमात्र, तुमचे सासरे ज्या शाळेत शिकवायचे ती मुंबईत असेल, तर तिचा जिम्मा पालिकेकडं येण्यामागं हा व्यवहार आहे.

इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचंही तसंच. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला सरकारनं शहर सुधारायला वेगळं मंडळ काढलं. मेहतांचा आक्षेप हाच की पैसा शहराचा आणि मंडळ पट्टीदारांना उत्तर द्यायला बांधील नाही. ते ऐकलं गेलं नाही. १९३३ ला ट्रस्ट पालिकेत विलीन झाला, तेव्हा मेहतांना जाऊन १८ वर्षं झाली होती.

पाणीपुरवठा

हे मान्य. आणि आजही तेच चाललंय, शहरात चार प्राधिकरणं, रस्ता एकाचा, त्याखालचं गटार दुसऱ्याचं. पालिकांना कामं सोपवणारी ७४ वी घटनादुरुस्ती झाली, बाराव्या अनुसूचीत १८ कामं लिहिली, नगरनियोजनापासून स्मशानापर्यंत. स्मशान तेवढं बिनतक्रार पालिकेला मिळालं.

नवी सनद

नमस्कार, मागच्याच वर्षी वकिलीची सनद मिळाली. पुढं कधीतरी वॉर्डातून उभं राहावं असं डोक्यात आहे, घरी अजून बोललेली नाही. एक प्रश्न: ही सगळी हायकोर्टातली, बॅरिस्टर मंडळी. साध्या वकिलाला यातलं काय घेता येईल? आणि मेहतांची वकिली एवढ्या सभांमध्ये टिकली कशी?

काळा कोट

टिकली कारण त्यांची मोठी कमाई मुंबईबाहेरची होती, जिल्ह्यांतले आणि काठेवाडातल्या संस्थानांचे खटले. पालिकेचा आणि त्या पक्षकारांचा संबंध नाही. मी वर रडलो ते संकट त्यांना नव्हतं. तेव्हा पहिला सल्ला: वॉर्डाबाहेर पक्षकार जमवा, मग उभ्या राहा.

दुसरं, बॅरिस्टरांचा धसका घेऊ नका. वल्लभभाई पटेलांचं बघा. तेही बॅरिस्टर, क्लबात पत्ते खेळणारे. १९१७ ला अहमदाबादच्या नगरपालिकेत गेले आणि घेतलं काय, तर आरोग्य समिती. त्याच वर्षी प्लेग आला, शहर रिकामं व्हायला लागलं, हे राहिले. गटारं, गल्ल्या फिरत. १९२४ ला अध्यक्ष झाले, १९२८ पर्यंत. त्यानंतर बार्डोलीचा सत्याग्रह. लोक बार्डोलीपासून वाचायला सुरू करतात आणि म्हणतात, एवढी संघटना उभी कशी केली? अहो, दहाएक वर्षं नळ आणि गटारांच्या तक्रारी ऐकून.

दप्तरीण

नवी सनद, तुला (मुलीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं) कारकुनी सल्ला देते. उभी राहण्याआधी वर्षभर प्रेक्षक सज्जात येऊन बस. काळ्या कोटांच्या ओसरीवर कुणी बोलावणार नाही, पण सज्जात बसता येतं. तीन गोष्टी बघ. कुठला प्रस्ताव 'राखून ठेवला' जातो, कुठला 'दप्तरी दाखल' होतो (म्हणजे गुंडाळला जातो), आणि कुठला चहाच्या वेळेला घाईनं येतो. तिसऱ्या प्रकारचे वाचायला शीक. घरच्यांना मात्र आधी सांग.

टवाळ

आता गंभीर प्रश्न. त्या 'शक्यतो'वाल्या वकिलांचं पुढं काय झालं? पुन्हा निवडून आले का?

दप्तरीण

पडले. वॉर्ड बदलला, नव्या ठिकाणी कुणी ओळखत नव्हतं. परत कोर्टात गेले, आता जिल्ह्यात चांगलं चाललंय म्हणे.

पुढच्या टर्मला त्याच कामाचा नवा प्रस्ताव आला. मी सवयीनं ते पान उघडलं. लिहिलं होतं, "ठेकेदाराने खड्डा शक्य तितक्या लवकर बुजवावा." ४८ तासही गेले होते. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, मंजूर. इतिवृत्त मीच लिहिलं.